नोटा हिसकावणारा हात

हुकूम अगदी थोडक्यात होता. वेश्यावस्तीतल्या बाईचं दृश्य छोटं करा. त्यातही ती खिडकी लावून घेते तो शॉट, उघडे गुडघे दिसतात ते शॉट आणि नोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातात तो शॉट काढून टाका. एवढं केलंत की सिनेमाला ‘यू’ सर्टिफिकेट मिळेल, म्हणजे लहानथोर कुणालाही तो बघता येईल.

सिनेमा होता ‘चार शहर एक कहानी’. १९६८ सालचा, कृष्णधवल, दोन रिळांचा माहितीपट. करणारे होते ख्वाजा अहमद अब्बास आणि हुकूम होता केंद्र सरकारचा. सेन्सॉर बोर्डाने आधी ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मारला होता, फेरतपासणी समितीने तोच कायम केला होता आणि त्यापुढचं अपील त्या काळी सरकारकडेच करावं लागे. दुसरा कुणी असता तर तीन शॉट कापून मोकळा झाला असता. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ सप्टेंबर १९७० रोजी त्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सेन्सॉरशिपचा कुठलाही वाद निघाला की वकील मंडळी आजही आधी तोच निकाल बाहेर काढतात.

मला त्या हुकमातल्या तीन गोष्टींचा क्रम फार दिवस छळतोय. गुडघ्यांचं एक वेळ समजतं. सेन्सॉरला कुठल्याही काळात आधी गुडघेच दिसतात. खिडकीचंही समजतं. बंद खिडकीमागे काय चाललंय ते प्रेक्षकाने मनात बघू नये, असं कुणाला वाटलं असेल. पण नोटा? नोटांमध्ये अश्लील काय असतं? बाईच्या हातात नोटा आहेत, पुरुषाचा एक हात पुढे येतो, त्यातल्या बहुतेक नोटा काढून घेतो, तिच्याकडे थोड्याशा उरतात. चेहरे नाहीत, संवाद नाही. सगळ्या सिनेमात लैंगिकतेपासून सर्वांत लांब असलेला शॉट कुठला असेल तर तो हा. आणि तोच नको.

ज्याने कुणी ती यादी केली त्याने सिनेमा फार नीट बघितला होता, असं माझं मत आहे. सिनेमातलं मर्मस्थान त्याला बरोबर सापडलं होतं.

*

सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच सिनेमाचं वर्णन येतं. कायद्याचा अभ्यास करणारे ती पानं उलटून पुढच्या कलमांकडे जातात. मी उलट करतो. मला ते वर्णन एखाद्या कथेसारखं वाचवतं.

मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतला श्रीमंतांचा थाट आणि ती शहरं बांधणाऱ्या मजुरांची दैना, असा सिनेमाचा विषय. सिनेमा जवळजवळ मूक. मजूर काम करताना गातात ते एक गाणं, थोडं पार्श्वसंगीत आणि आवाज, बस्स. आलिशान हॉटेलं, मग झोपड्या. मोटारी, मग हातगाड्या. एक लठ्ठ शेठ रिक्षात बसलाय आणि हडकुळा माणूस धापा टाकत ती ओढतोय. पुढे त्याच्या उलट: रिक्षावाला आरामात बसलाय आणि शेठ ओढतोय. स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांचे पुतळे उंच चौथऱ्यांवरून हे सगळं हतबलपणे बघतायत. हे ‘हतबलपणे’ न्यायमूर्तींचं आहे हं, माझं नाही.

मग मुंबईतली ती वस्ती. दारात, खिडकीत उभ्या असलेल्या बाया. इथे निकालपत्र एकदम कॅमेरामनसारखं बोलू लागतं. हे दृश्य बहुधा चालत्या गाडीतून टिपलं असावं, कारण चित्र हलतंय आणि पुरेसा उजेड नाही. कॅमेरा दिसताच काही जणी पटकन आत सरकतात. सगळं मिळून जेमतेम एक मिनिट. पुढे खिडकी बंद होते. मग ते दोन हात. मग ती बाई पहिल्यांदा नीट दिसते. आरशासमोर बसून केस विंचरते, पिंजऱ्यातल्या दोन पाखरांकडे बघते आणि मग खोलीभर अशी नजर फिरवते की जणू ती खोलीच पिंजरा आहे. कपडे बदलते, झोपते आणि या धंद्यात येण्याआधीच्या आयुष्याचं स्वप्न बघते.

खोली म्हणजे पिंजरा, हे पडद्यावर कुणी बोलून दाखवलेलं नाही. बाईची नजर आधी पाखरांवर, मग भिंतींवर गेली एवढंच होतं. मधला दुवा देशाच्या सरन्यायाधीशाने स्वतः जोडला. इतका मन लावून बघणारा प्रेक्षक माहितीपटांच्या वाट्याला सहसा येत नाही. आणि गंमत अशी की आज ‘चार शहर एक कहानी’ हे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या बहुतेकांनी तो वाचलाय, बघितलेला नाही. सिनेमावाल्याचा सिनेमा शेवटी गद्यात शिल्लक राहिला, तेही कोर्टाच्या गद्यात.

*

अब्बास मूळचे गद्याचेच. १९१४ साली पानिपतला जन्म, उर्दू कवी हालींच्या घराण्यात. अलीगढला बी. ए., मग वकिलीची परीक्षा. वकिली केलीच नाही. १९३५ साली मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकात रुजू झाले आणि तिथे सिनेमाची परीक्षणं लिहू लागले. त्याच सुमारास बॉम्बे टॉकीजसाठी प्रसिद्धीचंही काम केलं. परीक्षण लिहिणारा आणि प्रसिद्धी करणारा एकच माणूस, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण या गृहस्थाने आयुष्यभर एका वेळी एकच काम कधी केलंच नाही. पहिली पटकथा ‘नया संसार’ १९४१ साली पडद्यावर आली. ‘लास्ट पेज’ हे सदर ‘क्रॉनिकल’मध्ये सुरू झालं, पुढे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात गेलं आणि १९८७ साली ते वारले तोवर चाललं. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त. मधल्या काळात इंग्रजी, उर्दू आणि हिंदीत मिळून सत्तरच्या आसपास पुस्तकं: ‘इन्किलाब’सारखी स्वातंत्र्यलढ्यावरची कादंबरी, कथासंग्रह, प्रवासवर्णनं, आत्मचरित्र.

मराठी वाचकाला त्यांची ओळख सोलापूरच्या वाटेने व्हायला हवी. जपानी आक्रमणाच्या काळात चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. ते परत आले नाहीत. त्यांच्यावर अब्बास यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. त्याच वर्षी अब्बास यांनी इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेच्या कलावंतांना घेऊन बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ दिग्दर्शित केला, आणि ज्याच्या लेखनात त्यांचा हात होता तो चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान घेऊन आला. एका वर्षात तीन सिनेमे. नोकरी वर्तमानपत्रातली.

मग राज कपूर. ‘आवारा’, ‘श्री ४२०’, पुढे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘बॉबी’. हे सिनेमे गाजत होते तेव्हा अब्बास स्वतःच्या खर्चाने निराळेच सिनेमे काढत होते. १९५४ साली त्यांनी ‘मुन्ना’ काढला, त्यात गाणंच नाही. हिंदी सिनेमात, त्या काळात! १९६३ सालच्या ‘शहर और सपना’त मोठ्या सिमेंटच्या नळात संसार थाटणारं जोडपं आहे, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ‘सात हिंदुस्तानी’त गोवा मुक्तीसाठी निघालेले सात प्रांतांतले सात जण, आणि अब्बास यांची खोड अशी की प्रत्येक नटाला त्याच्या नसलेल्या प्रांताची भूमिका द्यायची. मल्याळी मधू बंगाली झाला, बंगाली उत्पल दत्त पंजाबी आणि जलाल आगा मराठी शाहीर. बिहारी अन्वर अलीच्या भूमिकेसाठी एका उंच, नवख्या मुलाला घेतलं, मानधन ५,००० रुपये. अमिताभ बच्चन यांचा तो पहिला सिनेमा. पटकथांतून कमवायचं आणि स्वतःच्या सिनेमात घालवायचं, हा अब्बास यांचा शिरस्ता. घरच्यांचे त्यात काय हाल झाले असतील ते त्यांनाच ठाऊक.

हे सगळं सांगायचं कारण, कोर्टात गेलेला माणूस एकाच वेळी कादंबरीकार, पत्रकार आणि सिनेमावाला होता. या तिन्ही धंद्यांना कायदा तीन वेगळे नियम लावत होता. आणि ते एकाच माणसाच्या अंगावर येऊन आपटत होते.

*

तेच दृश्य अब्बास यांनी कथेत लिहिलं असतं तर? खिडकी, गुडघे, नोटा, सगळं तसंच. उर्दूत लिहिलं असतं, मग स्वतःच इंग्रजीत केलं असतं, छापलं असतं. छापण्याआधी कुणाला दाखवायची गरज नव्हती. छापल्यावर कुणाला खुपलं असतं तर खटला झाला असता, हे त्यांना नीट ठाऊक होतं, कारण फाळणीच्या दंगलींवरच्या ‘सरदारजी’ या त्यांच्या कथेवरून खटला झालाच होता. त्या कथेतला निवेदक मुसलमान आहे, शिखांबद्दल मनात विष घेऊन जगणारा, आणि शेवटी एक शीख शेजारीच त्याच्यासाठी जीव देतो. सुरुवातीची विषारी वाक्यं वाचून लोक भडकले. शेवटपर्यंत वाचायला वेळ कुणाला होता?

म्हणजे कथा आधी जगात येते, मग तिचं काय व्हायचं ते होतं. सिनेमा मात्र जगात यायच्या आधीच तपासला जातो. अब्बास यांचा मूळ आक्षेप हाच होता आणि तो कादंबरीकाराचा आक्षेप आहे. निव्वळ सिनेमावाल्याला आधी दाखवण्याची सवय झालेली असते. तो बोर्डाच्या माणसांशी जुळवून घ्यायला शिकतो, आठ गोष्टी कापायला तयार होऊन चार वाचवतो, मुद्दाम दोन जादा भडक शॉट ठेवतो म्हणजे ते कापले जाऊन बाकीचं सुटेल. ज्याने पुस्तकं लिहिली आहेत त्याला हे सौदे अपमानाचे वाटतात.

सुनावणी चालू असताना सरकारने एक चलाख खेळी केली. सॉलिसिटर जनरलनी सांगितलं की या सिनेमाला कुठलाही काट न सुचवता ‘यू’ सर्टिफिकेट द्यायला सरकार तयार आहे. तक्रारच मिटली, आता घरी जा! अब्बास गेले नाहीत. याचिकेत दुरुस्ती करून घेतली आणि मुद्दा मोठा केला: प्रदर्शनाआधी तपासणी हीच मुळात घटनेला धरून आहे का? असलीच तर तिचे नियम नेमके हवेत, तिला मुदत हवी, आणि अपील सरकारकडे नव्हे तर न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे हवं. पदरात पडलेलं सर्टिफिकेट खिशात घालून भांडण चालू ठेवणारा निर्माता मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पहिल्या, मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. सिनेमा माणसाच्या भावना इतर कुठल्याही कलेपेक्षा जास्त खोलवर ढवळतो, म्हणून त्याची आधी तपासणी करणं योग्यच आहे, असं न्यायालय म्हणालं. हे कारण एका कादंबरीकाराच्या तोंडावर सांगितलं जात होतं, हे लक्षात घ्या. तुमच्या पुस्तकांना आम्ही आधी हात लावत नाही, कारण त्यांनी तेवढं काही होत नाही, असाच त्याचा अर्थ. सत्तर पुस्तकांच्या लेखकाने हे कसं ऐकून घेतलं असेल? मी त्यांच्या जागी असतो तर हरण्यापेक्षा या कारणाने जास्त चिडलो असतो. सेन्सॉर लावला नाही म्हणून स्वातंत्र्य मिळालं, हे खरं. पण सेन्सॉर लावण्याच्या लायकीचे तुम्ही नाही, असंही त्यात कुठेतरी ऐकू येतं.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हा अपमान सोसावा लागला नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, म्हणजे रंगभूमी भावना ढवळते हे सरकारला मान्य आहे. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ नाटकावरून त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ‘बाइंडरचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकात तो सगळा झगडा आहे. आणि त्याच्याही फार आधी, १९३० साली, प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला इंग्रजांच्या सेन्सॉरमुळे ‘उदयकाल’ व्हावं लागलं होतं. मराठी माणसाला या कात्रीची ओळख नवी नाही.

पण त्याच निकालपत्रात पुढे जे लिहिलंय ते वाचून वाटतं, हिदायतुल्लांचं मन अब्बास यांच्या बाजूने झुकलं होतं. बलात्कार, महारोग, अनीती हे विषय आले म्हणून कात्री चालवायची नाही, विषय कसा हाताळलाय ते बघायचं. आपल्यातल्या सर्वांत दुबळ्या किंवा विकृत माणसाला जपण्यासाठी निरोगी माणसाने काय बघावं ते ठरवता कामा नये. त्याच सुमारास न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांच्या समितीचा अहवाल आला होता आणि कथेच्या ओघात आवश्यक असेल तर पडद्यावर चुंबनही चालावं असं त्यात म्हटलं होतं. (हे खोसला म्हणजे गांधीहत्येच्या खटल्याचं अपील ज्या पीठापुढे चाललं त्यातले एक न्यायाधीश, आणि पुढे स्वतः लेखक.) वर्तमानपत्रांनी चुंबनाचे मथळे केले, बाकीचा अहवाल कपाटात गेला.

*

सिनेमाच्या सेन्सॉरवर कादंबरी लिहायची म्हटली की लेखक एक ठरावीक माणूस उभा करतात: चष्मा लावलेला, सोवळा, मूर्ख, हातात खरोखरची कात्री. वाचकाला तो आवडतो, कारण त्याला हसता येतं. मला तो माणूस खोटा वाटतो. खरा सेन्सॉर कसा असेल ते अब्बास प्रकरणात दिसतं. तो नोटा हिसकावणाऱ्या हातापाशी थांबतो. त्याला कळतं की बाईचे गुडघे दाखवले तर प्रेक्षक फार तर चळेल, पण तिच्या हातात किती उरले ते दाखवलं तर तो हिशेब करायला बसेल. मग तो यादीत गुडघ्यांच्या मागे नोटा लिहितो, म्हणजे त्या सहज खपून जातील. अशा माणसावर कुणी कादंबरी लिहावी. त्याला चांगला वाचक करावं, कवितांची आवड द्यावी, आणि मग त्याच्या हातून ती यादी करून घ्यावी.

माझा हा तर्क पोकळ वाटत असेल तर पुढचं बघा. निकाल सप्टेंबरात लागला आणि डिसेंबर १९७० मध्ये ‘मेरा नाम जोकर’ झळकला, लेखक अब्बासच. त्यात शाळकरी मुलगा झुडपाआडून आपल्या बाईंना नदीकाठी कपडे बदलताना बघतो. तीन वर्षांनी ‘बॉबी’ आला, कथा पुन्हा अब्बास यांची, आणि त्यात तलावाकाठच्या बिकिनीतल्या डिंपलला अख्ख्या देशाने बघितलं. गुडघ्यांचा हिशेब तिथे कुणी मांडत बसलं नाही. तेच अब्बास, तोच काळ, तोच देश. फरक एवढाच की तिथे कुणाच्या हातातून कुणी पैसे काढून घेत नव्हतं. किंवा घेत असेलच, तर तिकिटाच्या खिडकीवर, आणि तो शॉट सिनेमात नव्हता.

अब्बास यांना हा विरोधाभास दिसला नसेल असं मानायला मी तयार नाही. तरी त्यांनी राज कपूरसाठी लिहिणं सोडलं नाही. पुरोगामी मित्रांनी यावरून त्यांना टोमणे मारले, आणि त्या टोमण्यांत थोडं तथ्य आहेही. पण ‘बॉबी’ नसता तर पुढचे ‘द नक्सलाइट्स’सारखे सिनेमे कुठल्या पैशातून झाले असते? १९८० साली, पासष्टी उलटल्यावर, नक्षलवाद्यांवर सिनेमा काढायला निघालेल्या माणसाला सावकार दारात उभा करत नाही.

*

हरलेल्या खटल्यातून एक गोष्ट मात्र निघाली. मुदत आणि अपील या दोन मुद्द्यांवर सरकारने न्यायालयासमोर माघार घेतली होती. कायद्यात दुरुस्ती करू, असं सांगितलं होतं. ती १९८१ साली झाली आणि १९८३ साली चित्रपटांसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आलं. बोर्डाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं तेही त्याच वर्षी. नाव बदललं तरी लोक अजून ‘सेन्सॉर’च म्हणतात; लोकांचं बरोबर आहे. न्यायाधिकरणाने मात्र बरं काम केलं. बोर्डाने अडवलेले कितीतरी सिनेमे तिथून सुटले, वकिलांची फौज उभी न करता आणि तारखांवर तारखा न घेता.

एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने एका वटहुकमाने अनेक न्यायाधिकरणं एकदम मोडीत काढली, त्यात हेही गेलं. आता बोर्डाचा निर्णय पटला नाही तर उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते झेपतं. त्याची प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, पैसा अडकलेला असतो, आणि वादाने जाहिरातही होते. दोन रिळांचा कृष्णधवल माहितीपट करणाऱ्याने काय करायचं? तो ते तीन शॉट मुकाट्याने कापणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. अब्बास यांच्याकडे निदान ‘ब्लिट्झ’चं शेवटचं पान होतं.